दोन छाप

इस्तारीने गुणवंतरावांच्या डोक्याला नुसता ताप दिला होता. अहेरीजवळच्या लाकडाच्या वखारीत ते मुन्शी आणि इस्तारी हातोडेवाला. सागवानाच्या प्रत्येक ओंडक्यावर हातोड्याने एक छाप मारायचा, एवढंच त्याचं काम. एक छाप म्हणजे माल पास, दोन छाप म्हणजे रद्द. आणि हा गृहस्थ पास झालेल्या मालावर दुसरा छाप मारत सुटला होता.

"काऊन मारला रे पुन्हा?" गुणवंतराव कपाळाला हात लावत.

"आधी मारला का नाई, ध्यानातच राहत नाई बाबूजी. जीव धडधडते."

महिन्यापूर्वी ओंडक्यांची थप्पी घसरली आणि इस्तारीचा भाऊ मनसाराम त्याच्या डोळ्यांदेखत चिरडला. तेव्हापासून हे सुरू झालं. गुणवंतरावांनी समजावलं, झापलं, देवाचा अंगारासुद्धा लावून पाहिला. काडीचा फरक नाही. मग ठेकेदाराचा निरोप आला: सोमवारी येतो, त्याच्या आत त्याला घरी पाठवा. आता इस्तारीच्या गळ्यात दोन संसार होते, स्वतःचा आणि भावाचा. घालवायचा तरी कसा?

शेवटी वैतागून गुणवंतराव आपल्या बसायच्या मांडवातून उठले आणि ओंडक्यापाशी जाऊन उभे राहिले. "मार. मारला? मी पाह्यला. आता समोर हो."

इस्तारी घुटमळला, पण पुढे सरकला. तीन दिवस मुन्शी भर उन्हात "पाह्यला, पाह्यला" करत राहिले. डोक्यावर दुपट्टा, पायांत गोळे, तोंडात शिव्या. दुसरा छाप मात्र एकाही ओंडक्यावर पडला नाही.

सोमवारी ठेकेदाराने सगळ्या थप्प्या तपासल्या. "राहू द्या त्याला," तो म्हणाला. "आणि छाप पाहायला, थप्पी हलली तर हाक द्यायला मुन्शीने थप्पीपाशी उभं राहायचं हा नियमच आहे. पाळणारे तुम्ही पहिलेच."

गुणवंतराव फुलून गेले. गाडी गेल्यावर इस्तारीला म्हणाले, "ऐकलं ना? तुह्यापायी वाळून गेलो मी."

इस्तारीने हातोडा खाली ठेवला. राग नव्हता त्याच्या आवाजात, त्याने आपलं सरळच विचारलं, "नियम होता, तं मनसाराम गेला त्या दिवशी तुमी कुठी होते बाबूजी?"

ओठावर आलेली शिवी गुणवंतरावांनी गिळली.

"मांडवात होतो," ते म्हणाले. "पान लावून राह्यलो होतो."

महिनाभर ज्याच्यावर ओरडले, त्याच्याकडे मान वर करून पाहायची त्यांना लाज वाटली.