पुढच्या चाकातली बाधा

घंटा वाजली आणि पार्किंगमधली सगळी डोकी आमच्या मोटरसायकलकडे वळली. गर्दी एवढी, की ज्यांना जिने उतरणं जमत नव्हतं त्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी गॅलरीत दुर्बीण लावून बसल्या होत्या.

"गाडी लोखंडाची दिसते," गाड्यांची बाधा उतरवणारे गतिगुरू गरजले, "पण गाडीला प्राण आहे! प्राण म्हणजे काय? वायू! आणि वायू राहतो कुठे?"

"टायरमध्ये," माझी पाच वर्षांची चिमी म्हणाली.

"बालमुखातून सत्य आलं!" गतिगुरूंनी पुन्हा घंटा हाणली. "आणि या गाडीच्या पुढच्या प्राणाला बाधा झाली आहे!"

पुरावा म्हणून त्यांनी हँडलवरच्या लाल दिव्याकडे बोट दाखवलं. गर्दी हळहळली. मी मात्र दातओठ खाल्ले, कारण तो दिवा माझ्याच हट्टापायी आला होता.

माझा नवरा रोज चिमीला मोटरसायकलवरून शाळेत सोडतो, आणि गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी चाकांकडे बघत उभी राहते. टायर जरा बसलाय का? डुगडुगतोय का? शेवटी वैतागून तो हवेचा दाब मोजणारे सेन्सर घेऊन आला. ते टायरच्या व्हॉल्व्हवर टोपणासारखे फिरवून बसवायचे. हवा पुरेशी असली की हँडलवरच्या डबीत हिरवा दिवा, कमी झाली की लाल आणि टीं टीं. दुकानदार बसवून देत होता; पण एकदा व्हिडिओ पाहिलेल्या पुरुषाला कोण समजावणार? यानं घरीच बसवले, पान्यानं करकचून आवळले आणि मला म्हणाला, "आता तरी नीट झोप."

दुसऱ्याच सकाळी पुढचं चाक टीं टीं करायला लागलं. यानं हवा भरली. पुढच्या सकाळी परत टीं टीं. पंक्चरवाल्यानं सेन्सर काढून बाजूला ठेवला, चाक पाण्यात फिरवलं, व्हॉल्व्हला थुंकी लावून पाहिली. बुडबुडा म्हणून नाही. "चाक ठणठणीत आहे," तो म्हणाला. नवऱ्यानं सेन्सर पुन्हा आवळला आणि सकाळी पुन्हा टीं टीं.

"कुणाची तरी नजर आहे," सासूबाईंनी निकाल दिला.

"माझ्या मेव्हण्याच्या मोटारीतला असाच दिवा गतिगुरूंनी घालवला," कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले काका म्हणाले. झालं! गतिगुरू स्कूटरवरून हजर. त्यांची एकच अट होती: विधी भर दुपारीच. सकाळी म्हणे प्राण सुस्त असतो.

नवऱ्यानं तर पुढचा बेतही आखून ठेवला होता. बाधा उतरली की चिमीला घेऊन थेट आत्याकडे, घाटापलीकडच्या गावी. चिमी सकाळपासून हेल्मेट घालून घरात फिरत होती. जेवलीसुद्धा हेल्मेटमध्येच.

तर विधी सुरू झाला. गतिगुरूंनी फवाऱ्याच्या बाटलीतून 'वायुजल' टायरवर मारलं आणि फडक्यानं घासलं. पांढरा फेस आला.

"विष! विष फेसाळतंय!" ते ओरडले. फेसाचा वास माझ्या नाकात शिरला. कुठेतरी ओळखीचा, न्हाऊ घातलेल्या बाळाच्या टाळूसारखा. "आता बाधेला पळवा! दमवा! थांबू नका!"

भर उन्हात नवऱ्यानं इमारतीभोवती फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या. आम्ही घामाघूम, तो घामाघूम. आणि खरंच, डबीत हिरवा दिवा लागला!

टाळ्यांचा कडकडाट झाला. सासूबाईंनी हात जोडले. बघता बघता रांग लागली: दोन सायकली, एक हातगाडी, आणि एक बाबागाडी, जिची चाकं भरीव प्लॅस्टिकची होती. त्यात हवाच नव्हती, पण भक्तीच्या भरात कोण तपासतंय!

"एक पथ्य," गतिगुरूंनी बोट वर केलं. "महिनाभर हवा भरायची नाही. नव्या वायूबरोबर नवी बाधा येते."

घाट, उतार, वळणं, आणि पुढच्या चाकात हवा आहे की नाही ते ठरवणार हा घंटावाला! चिमी तेवढ्यात सीटवर चढूनही बसली होती. तिथूनच तिनं विचारलं, "गुरुजी, माझ्या बॉललापण बाधा आहे का?"

"का गं बाळ?"

"तो सकाळी मऊ असतो. उन्हात ठेवला की टण्ण होतो."

"बॉल वेगळा, बाळ."

"पण त्यात पण वायू आहे ना?"

लोक हसले. मी नाही हसले. मी नवऱ्यापुढे हात केला. "किल्ली दे."

"आता काय काढलंस? हिरवा लागलाय ना?"

"दे म्हटलं ना!"

चिमीला उतरवून मी गाडी सावलीत घेतली, घरातून भिजवलेलं गोणपाट आणून पुढच्या टायरला गुंडाळलं आणि त्यावर गार पाणी ओतत बसले. लोक कुजबुजायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, लोक बघतायत." मी ओततच राहिले. थोड्या वेळानं टीं टीं. लाल.

"पाहिलंत?" गतिगुरू उसळले. "अश्रद्ध हात लागला!"

आमचं घर तळमजल्यावर आहे. मी खिडकीतून वायर बाहेर घेतली आणि केस वाळवायचा ड्रायर सुरू केला. पाणी पुसून टायरला सगळीकडून गरम वारा दिला. याला जास्त वेळ लागला. गतिगुरू तोवर बाधेचे प्रकार समजावत होते. तिसऱ्या प्रकाराशी आले आणि दिवा हिरवा झाला.

"वहिनी," इस्त्रीवाले काका भारावून म्हणाले, "माझी इस्त्री आणू का?"

"नको काका. हवा तापली की तिचा दाब वाढतो, गार झाली की उतरतो. चिमीच्या बॉलसारखंच. उन्हात पळवून टायर तापला, म्हणून हिरवा लागला. गेलेली हवा परत आलेली नाही. उरलेलीच छाती फुगवून उभी आहे. रात्री गार होईल, की सकाळी पुन्हा लाल."

"मग हवा जाते कुठे, माते?" गतिगुरू छद्मी हसले. "चाक तर ठणठणीत आहे!"

प्रश्न बरोबर होता. मी त्यांच्या हातातली बाटली घेतली आणि हुंगली. मनात म्हटलं, तरीच! चिमीला मी वर्षानुवर्षं यानंच न्हाऊ घातलंय.

"बाळांचा शाम्पू," मी म्हणाले. "डोळ्यांना न झोंबणारा."

वरून आजींचं हसू ऐकू आलं. मी ते 'वायुजल' सेन्सरच्या बुडाशी फवारलं. सगळे वाकले. एक बुडबुडा आला, फुगला, फुटला. मग दुसरा. मग तिसरा.

नवऱ्यानं गुपचूप सेन्सर सोडवला. आत रबरी चकती दुमडून चिरडली होती. आटे तिरके चढवून वर पान्याचा जोर. सेन्सर व्हॉल्व्हची पिन सतत दाबून धरतो, म्हणून तो सरळ बसला नाही तर बाजूनं हवा झिरपत राहते. पंक्चरवाल्यानं तो काढूनच चाक तपासलं होतं, मग गळती दिसणार कशी?

"व्हिडिओत एवढं बारीक दाखवलं नव्हतं," नवरा पुटपुटला.

सेन्सरच्या खोक्यात एक जादा चकती होती. ती घालून यानं सेन्सर हातानं सरळ बसवला, बेतानं आवळला. शाम्पू मारला. बुडबुडा नाही.

गतिगुरू एव्हाना सामान आवरत होते. घाईत स्कूटरची डिकी उघडली आणि काहीतरी खणकन खाली पडलं.

"गुरुजी, हे काय?" चिमीनं उचलायचा प्रयत्न केला.

"ते... पंप आहे, बाळ."

"तुमच्या स्कूटरला बाधा होत नाही?"

गर्दी खदखदून हसली. एकट्या सासूबाई हसल्या नाहीत. मघाशी जोडलेले हात आता कमरेवर होते.

"माझी नात या गाडीवर बसते," त्या म्हणाल्या. "गाडीत हवा भरू नका म्हणालात, आणि स्वतः पंप घेऊन फिरता? आणा इकडे. आणि भरा आता."

"मी? माताजी, माझी कंबर..."

"दमवा तिला. थांबू नका!"

आणि गतिगुरूंनी घाम गाळत आमच्या पुढच्या चाकात हवा भरली. चिमीनं त्यांच्यासाठी घंटा वाजवली.

त्या दिवशी आत्याकडे जाऊ दिलं नाही मी. दुसऱ्या सकाळी, गारठ्यात, गाडी सुरू केली. हिरवा. मगच दोघं निघाली, आणि मी वळणापर्यंत चाकांकडे बघत उभी राहिले. ती सवय काही जायची नाही.

इस्त्रीवाल्या काकांचा मेव्हणा मोटार तपासून घ्यायला गेला आहे. तुमच्याकडेही कधी असा लाल दिवा लागेल. गाडीत लागेल, नाहीतर अंगात तापाच्या रूपानं लागेल. तो नुसता विझवून देणाऱ्याला हात जोडू नका. तो का लागला, एवढं आधी विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत लेकराला गाडीवर बसवू नका. विचारायला घंटा लागत नाही.

बाटली मात्र गतिगुरू विसरून गेले. ती आता आमच्या पान्यांच्या डब्यात असते. गळती शोधायला वायुजलासारखं काही नाही.