आठ चाळीसची बस

पलासिया

"भेटली का जागा?"

"नाही पप्पा. लटकून राहिली मी."

"दारात नको उभी राहू. आत सरक."

"आत लय गर्दी आहे. एका काकांची थैली माझ्या पोटात घुसून राहिली. मेथी आहे वाटतं."

नंदकुमार हसला. फोन टेबलावर, स्पीकर चालू, आणि मांडीपुढे जळकी मोटर. पक्कडीने तो तिच्यातली काळी पडलेली तार ओढून काढत होता. बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान. मुलगी गायत्री इंदूरला, विद्यापीठात रसायनशास्त्र शिकत होती. खोली पलासियाला, विद्यापीठ शहराच्या दुसऱ्या टोकाला. रोज सकाळी आठ चाळीसला ती सिटी बसमध्ये चढायची आणि चढल्या चढल्या बापाला फोन लावायची. रात्रीचा फोन आईचा. सकाळचा त्याचा.

गीता भवन

"अगला स्टॉप, गीता भवन," बसमधली बाई बोलली. ध्वनिमुद्रित बाई. रोज त्याच आवाजात.

नंदकुमार इंदूरला एकदाच गेला होता, प्रवेशाच्या वेळी, शेजाऱ्याच्या गाडीतून. ही बस त्याने पाहिली नव्हती. पण दुकानाच्या भिंतीवर, वार्निशच्या डब्यांच्या वर, त्याने खडूने लिहून ठेवलं होतं:

पलासिया
गीता भवन
नवलखा
भंवरकुआ
गेट (इथे बदलायची)
लायब्ररी
केमिस्ट्री

गेटपासून पुढे विद्यापीठाची स्वतःची छोटी बस होती. ती सगळ्या विभागांना वळसा घालत जायची. दोन्ही बस मिळून पंचवीस मिनिटं.

वाइंडिंगचं काम मोजण्याचं. मोटर सांगेल तितके तारेचे फेरे, चौसष्ट तर चौसष्टच. एक कमी-जास्त झाला तर मोटर तापते. त्याच्या हातमशीनचा फेरे मोजायचा काटा कधीच मोडला होता, तो मनातच मोजायचा. म्हणून आठ चाळीसला तो मोजायचं काम ठेवत नसे. तेव्हा जळक्या मोटरी सोलायच्या. त्याला हात लागतात, डोकं लागत नाही.

"दिवाळीलाही तुम्ही इतक्या लवकर आंघोळ नाही केली कधी," त्याची बायको रजनी डबा भरता भरता म्हणायची. "बस तिले पकडायची असते. तुम्हाले नाही."

नवलखा

नवलखाला एक बाई चढायची. दोन्ही हातांत डब्यांची चळत. जागा मिळेपर्यंत कोणाला सोडायची नाही.

"आज किती डबे?" नंदकुमार विचारायचा.

"अकरा. आज ती एका पोराले उठवून बसली. म्हणते, बेटा, तू तरुण आहे, माझी भाजी सांडेल."

"बरोबर आहे तिचं."

"पप्पा, तुम्ही तिले ओळखत पण नाही."

"रोज ऐकतो ना."

खरं तर दोघं विशेष काही बोलत नसत. ती खिडकीतलं सांगायची, तो दुकानातलं. मध्येच दोघंही गप्प. मग फक्त ब्रेकचा आवाज, कोणाची तरी खोकल्याची उबळ, "भैया, पीछे से उतरना है." त्याला ते गप्प राहणंही आवडायचं. मुलगी शेजारी बसली आहे आणि दोघं कुठेतरी चालले आहेत, असं वाटायचं.

एकदा ती म्हणाली, "काल सात वाजले लॅबमध्ये."

"मग?"

"मग काय. कॅम्पसची शेवटची बस सहाची. गेटपर्यंत पायी. दीड किलोमीटर. निलगिरीची झाडं आहेत, लाईट नाही." आणि मग घाईने, "टेन्शन नका घेऊ. मोबाईलची टॉर्च आहे."

त्या दिवशी त्याने दोन मोटरी सोलल्या आणि एकीतही नवी तार भरली नाही.

भंवरकुआ

नेपानगरच्या मालतीबाई, शाळेत शिकवायच्या, त्यांची जुनी स्कूटी अंगणात पडून होती. नंदकुमारने ती आणली. महिनाभर रोज दुकान बंद झाल्यावर तो तिच्यामागे लागला. कार्बोरेटर, ब्रेक, टायर. निळा रंगही दिला. स्पार्क प्लगची टोपी तेवढी थोडी सैल बसायची, दोनदा निसटली. बाजारात तशी मिळेना. दाबून बसवली की चालायची.

इंदूरच्या बसच्या टपावर स्कूटी चढवली. कंडक्टर लोटू वरून दोर आवळत होता.

"लोटू, हळू बांध रे. रंग जाईल."

"काका, स्कूटी आहे. नवरी नाही."

"तुले काय माहीत."

फोनवर त्याने एकच अट घातली. "गाडीवर असताना फोन नाही. कानात ते बोंडकं पण नाही. माझी शपथ घे."

"घेतली पप्पा."

तो फार खूश होता. पोरीला आता निलगिरीखालून पायी जावं लागणार नाही. बस सुटली, टपावरची निळी गाडी शनवाऱ्याच्या वळणाला दिसेनाशी झाली, तरी तो तिथेच उभा होता. घरी जाताना त्याने जिलेबी घेतली.

दुसऱ्या दिवशी आठ चाळीसला त्याने जळकी मोटर पुढे ओढली, पक्कड हातात घेतली, फोन टेबलावर ठेवला.

नऊ वाजता त्याच्या लक्षात आलं, आता या वेळी फोन येणार नव्हता.

गेट (इथे बदलायची)

नऊ वाजून दोन मिनिटांनी फोन आला. "पोहोचली पप्पा. मस्त चालते गाडी. बारा मिनिटांत आली. ठेवते हां, सर आले."

असे फोनही पुढे आठवडाभरच. मग नुसता मेसेज. मग तोही कधी कधी.

रात्री ती आईशी बोलायची तेव्हा रजनी फोन त्याच्या कानाला लावायची. "जेवली का?" "जेवली." "गाडी?" "मस्त." तो फोन परत द्यायचा. समोर काहीच सरकत नसताना काय बोलायचं असतं, ते त्याला येत नव्हतं.

"सांगा ना तिले," रजनी एकदा म्हणाली. "पोहोचल्यावर दहा मिनिटं बोलत जा म्हणावं."

"तिले काम असतं."

"तुम्हीच शपथ घातली."

"मग बरोबरच घातली."

एका सोमवारी आठ चाळीसला तो दुकान उघडं टाकून शनवाऱ्याच्या थांब्यावर गेला आणि नेपानगरच्या बसमध्ये बसला. खिडकीशी. फोन मांडीवर. पोरांचा कलकलाट, ब्रेक, कोणाची तरी मेथीची जुडी. लोटूची त्या दिवशी याच गाडीवर पाळी होती.

"काका, नेपाले कोन आहे तुमचं?"

"कोनी नाही."

"मग?"

"असंच."

लोटूने तिकीट फाडून दिलं. नेपाला उतरून नंदकुमारने चहा घेतला आणि त्याच बसने परतला. आवाज सगळे तेच होते, पण त्यांतून कोणी त्याला काही सांगत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्याने आठ चाळीसला मोजायचं काम घ्यायला सुरुवात केली. वेळ तरी वाया जात नाही, असं तो रजनीला म्हणाला.

लायब्ररी

जैनाबादचा देवराम सकाळीच येऊन स्टुलावर बसला होता. तापीपलीकडे त्याची केळीची बाग. पाण्याची मोटर जळून दोन दिवस झाले होते.

"नंदूभाऊ, केळी माझ्याकडे पाहून राहिल्या आहेत."

"दुपारी नेशील. बोलू नको, मोजून राहिलो."

हँडल फिरत होतं, तार साच्यावर चढत होती. पस्तीस, छत्तीस, सदतीस, अडतीस.

फोन वाजला. गायत्री. आठ एकेचाळीस.

त्याने हँडल सोडलं.

"पप्पा, गाडी सुरूच नाही होत. बटन दाबलं, किक मारली. नुसती फिरते, पकडत नाही. म्हणून बसने निघाली."

मागे बाई बोलली, "अगला स्टॉप, गीता भवन."

नंदकुमारला पहिल्याच वाक्यात कळलं होतं. टोपी निसटली. सीटखालचं झाकण उघडायचं आणि बोटाने दाबायचं. एका मिनिटाचं काम.

"जागा भेटली का?" त्याने विचारलं.

"आज भेटली. खिडकी. पप्पा, काय झालं असेल गाडीले? मेकॅनिकले दाखवू?"

"थांब. विचार करू दे."

देवरामने त्याच्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या खडूच्या यादीकडे पाहिलं.

"नवलखा आलं का?"

"येऊन राहिलं."

"ती डबेवाली?"

"अरे हो, चढली पप्पा. आज चौदा डबे. मले पाहून म्हणते, कुठे होती ग इतके दिवस, लग्न झालं काय?"

तो मोठ्याने हसला. रस्त्यावरून जाणाऱ्या एकाने वळून पाहिलं. मग तिने खिडकीतलं सांगितलं, तुटलेला पूल, नवी बेकरी, आणि त्याने दुकानातलं. मध्ये दोघं गप्पही राहिले. भंवरकुआ गेलं. गेटला ती उतरून धावली, तिचा श्वास फोनमध्ये ऐकू आला, आणि मग छोट्या बसचं दार आपटल्याचा आवाज.

"पप्पा, बसमध्ये बरं वाटतं तसं. गाडीवर नुसता रस्ता दिसतो."

वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. टोपी इथे मिळत नाही, इंदूरच्या मेकॅनिकला जमणार नाही, मी सुट्टी पाहून येतो, तोवर राहू दे उभी. एवढंच म्हणायचं होतं. एक आठवडा. फार तर दोन.

"आज किती वाजतील लॅबमध्ये?" त्याने विचारलं.

"सात तर वाजतीलच. आज पायीच जाईन गेटपर्यंत. काही नाही होत."

"लायब्ररी," बसमधला ड्रायव्हर ओरडला. इथे बाई नव्हती.

"गायत्री, ऐक. आल्या पावली परत जा. पुढच्या बसने. एक तास बुडाला तर बुडू दे."

"का?"

"सीट उघड. आत छोटं झाकण आहे, ते काढ. काळी जाड वायर दिसेल, तिच्या टोकाले टोपी. ती निसटली असेल. अंगठ्याने दाब. कट असा आवाज येईल."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

"तुम्हाले इतका वेळ आठवत नव्हतं का?"

"म्हातारा झालो."

केमिस्ट्री

फोन बंद झाला. नंदकुमार मशीनकडे वळला. साच्यावर अर्धी तार चढलेली. किती फेरे झाले होते, त्याला काही केल्या आठवेना. सगळं उलगडून पुन्हा पहिल्यापासून. त्याने हँडलकडे हात नेला. तिथे देवरामचा हात होता. तार सैल पडू नये म्हणून हँडल धरून तो इतका वेळ वाकून बसला होता.

"अडतीस," देवराम म्हणाला. "तुम्ही तोंडातल्या तोंडात मोजून राहिले होते. मी धरून ठेवलं."

नंदकुमारने मान हलवली. हँडल घेतलं.

"एकोणचाळीस," तो म्हणाला.

दुपारी मेसेज आला. झाली सुरू. खाली निळ्या स्कूटीचा फोटो. आरशात तिचा अर्धा चेहरा आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ चाळीसला त्याने तारेचं रीळ उचलून फळीवर ठेवलं. फोन टेबलावर मांडला. मग कोपऱ्यातली एक जळकी मोटर मांडीपुढे ओढली आणि पक्कड हातात घेतली.