आप्पांच्या टॅबसाठी जिनेंद्रचा फोन

बाबगोंडाआप्पांचा आवाज तीन शेतं ओलांडून जायचा, आणि पुतण्या जिनेंद्र बांधावर दिसला की चौथंही. सात वर्षांत या चुलत्या-पुतण्याची बांधावरून एकोणीस भांडणं झाली. विसावं मी धरत नाही, त्यात आप्पा एकटेच भांडले. क्षमावणीला बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, सगळे हात जोडून एकमेकांची माफी मागत, तेव्हा हे दोघं खांबाच्या दोन बाजूंना उभे राहून खांबालाच हात जोडत.

या उन्हाळ्यात आप्पांना झटका आला. हातपाय सावरले, बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण तोंडातून नुसता हुंकार. पाणी हवंय की पंखा, हे ओळखण्यात त्यांच्या बायकोचा, पद्मावतीकाकींचा, दिवस जायचा, आणि चुकलं की आप्पा ताट ढकलून रडायचे. बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी एक अ‍ॅप सांगितलं. चित्रावर बोट ठेवलं की ते मोठ्यानं बोलतं. लेक दीप्तीनं पुण्याहून आपला जुना टॅब पाठवला. अ‍ॅप काही बसेना. त्याला नवी सिस्टीम हवी, आणि टॅबला अपडेट यायचं केव्हाच थांबलेलं.

काकी टॅब घेऊन निपाणीला गेल्या. मोबाईलच्या दुकानातल्या प्रियदर्शनीनं तो उलटसुलट पाहिला.

"नवा घ्या म्हणणार असशील तर आत्ताच सांग," काकी म्हणाल्या, "परतीची बस धरते."

प्रियदर्शनी हसली. "एक वाट हाय काकी. तुमच्या खात्यानं हेच अ‍ॅप आधी नव्या फोनवर उतरवायचं. मग त्याच खात्यानं टॅबवर मागितलं, की ह्याला चालंल अशी जुनी आवृत्ती देऊ का, म्हणून इचारतंय. फोन तेवढा ह्याच कंपनीचा पायजे. माझा न्हाय तसा."

दीप्तीचाही नव्हता. गावात तसा फोन एकच, जिनेंद्रचा.

काकी बसमधून उतरल्या त्या थेट त्याच्या घराच्या सोप्यात. "तुझं खातं जरा बाहेर काढ, माझं घालायचं हाय."

सगळं ऐकून जिनेंद्र म्हणाला, "म्हंजे आप्पांनी मला परत शिव्या द्यायच्या, त्या बी माझ्याच फोनच्या जिवावर?"

"व्हय. तीन महिनं शिव्या न्हाईत, तर बांधावर हुबा राहून आमच्या दाराकडं बघत असतोस. मला काय दिसत न्हाय?"

जिनेंद्रनं फोन काढला. "पासवर्ड सांगा."

"तोंड फिरव. मीच घालते."

अ‍ॅप फोनवर उतरलं. मग टॅबनं विचारलं, जुनी आवृत्ती चालेल का. "न चालायला काय झालं," म्हणत काकींनी बोट दाबलं. शहाणी माणसं मी बरीच पाहिलीत. अडलेल्या ठिकाणी इतकी ताठ मान दुसऱ्या कुणाची पाहिली नाही.

टॅब घेऊन जिनेंद्र स्वतःच पुढं निघाला. सात वर्षांनी तो आप्पांचा उंबरा ओलांडून आत आला. त्याला बघून आप्पांचे डोळे लाल झाले. बोट चित्रांवरून फिरू लागलं. चहा, औषध, अंथरूण. शिवी एकही नाही. शेवटी बोट थांबलं, आणि टॅब गोड शहरी आवाजात म्हणाला, "कृपया घरी जा."

जिनेंद्रनं खुर्ची ओढली. "काकी, ऐकलासा? मला कृपया म्हटलं आप्पांनी!"

आप्पांनी पुन्हा दाबलं. पुन्हा. तो हलेना. मग बोट दुसऱ्या चित्रावर गेलं.

"पाणी हवे."

तांब्या जिनेंद्रच्या हाताशीच होता. काकी आतूनच म्हणाल्या, "फुलपात्र भरून दे रं, अर्धं चालत न्हाय त्यास्नी."