बटण कधी दाबलं

टॅम्सिनने सुईचं टोपण काढलं, तेवढ्यात मागच्या अंगणाचा जाळीचा दरवाजा बिजागऱ्यांसकट आत आला.

दरवाज्यापाठोपाठ क्लाइव्ह काका आला. साठीचा, अख्खं आयुष्य शिशाच्या भट्टीवर काढलेला, हातात क्रिकेटची बॅट. इंजेक्शनसाठी सदरा वर धरून टेबलाला रेललेल्या डॅरलला वळायलाही सवड मिळाली नाही. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा थेट तोंडावर.

“हसतोस? माझ्या भावाला मारून भर दुकानात हसतोस?”

“काका, ऐक तरी...”

“पबमध्ये लोक मला सांगतात रे! तुझा पुतण्या पॅटिस विकत घेताना खिदळत होता म्हणून!”

तिसऱ्या फटक्याला डॅरलचा दात फरशीवर पडला.

आपल्या बापाच्या कातड्यात दुसराच कुणी शिरलाय, असं एकेकाळी डॅरलला डोक्यातले आवाज सांगत. एका सकाळी त्याने बापावर कुऱ्हाड चालवली. कोर्टाने त्याला तुरुंगाऐवजी इस्पितळात पाठवलं, आणि बऱ्याच वर्षांनी आता या भाड्याच्या घरात सोडलं होतं. महिन्याचं इंजेक्शन चुकायचं नाही, दारूला शिवायचं नाही, आणि कुणावर हात उगारला तर परत कुलपाआड. अशा माणसांच्या घरी जाऊन त्यांना बरं ठेवायचं, हे टॅम्सिनचं नवं काम. इस्पितळातला वॉर्ड सोडून तिला जेमतेम महिना झाला होता.

तिचा वरिष्ठ डेस म्हणजे या कामातलं जुनं खोड. गाडीचं तोंड रस्त्याकडे ठेव, दाराजवळची खुर्ची पकड, एकटी कधी जाऊ नकोस, असं रोज घोकून घ्यायचा. आणि आज त्यालाच दुसऱ्या घरून तातडीचं बोलावणं आलं. “डॅरलकडे जा तू एकटी, पोरी. गरीब गाय आहे ती,” म्हणाला आणि गेला.

पुढचं दार तिच्या पाठीशीच होतं, पण पाय उचलेचनात. गळ्यातल्या पट्ट्याला धोक्याचं बटण होतं. त्यावर अंगठा ठेवून ती नुसती ओरडत राहिली, “अहो, सोडा त्याला! मरेल तो!”

काकाने तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. चौथा फटका मात्र डॅरलने हवेतच झेलला. एक हिसडा, आणि बॅट त्याच्या हातात आली. काका भिंतीवर आदळून खाली बसला, दोन्ही हात डोक्यावर. डॅरलने बॅट उगारली. त्याच्या हनुवटीवरून रक्त गळत होतं आणि नजर कुठेतरी भलतीकडेच होती.

टॅम्सिनने बटण दाबलं.

बॅट तशीच वर राहिली. मग डॅरल एकेक पाऊल मागे सरकला. लहान पोरांच्या हाती लागू नये म्हणून सुरी ठेवतात, तशी त्याने बॅट फ्रिजच्या माथ्यावर सारली आणि फरशीवर बसून पोटाशी गुडघे घेतले.

घरात शिरण्याआधी नर्सने गळ्यातल्या त्या बटणाच्या यंत्रात रुग्णाचं नाव घालायचं असतं. बटण दाबलं की पोलिसांना तेवढंच कळतं: हे घर, हा माणूस, याने बापाला मारलंय. दोघे पोलीस आले ते सरळ डॅरलवर. त्याला पालथा पाडून एकाने पाठीत गुडघा रोवला, दुसऱ्याने हात पिरगाळले. फुटलेलं तोंड फरशीवर घासलं गेलं.

“तो नव्हे!” टॅम्सिन किंचाळली. “त्याला नका!”

“यानंच बॅट उगारली माझ्यावर!” काका भिंतीजवळून ओरडला. “विचारा तिला!”

पोलिसाने मान वर केली. “उगारली का, मॅडम?”

डॅरलचा एकच डोळा तिला दिसत होता. खोटं तिला बोलायचं नव्हतं, आणि खरं बोललं तर तो परत कुलपाआड जाणार होता.

“उगारली,” ती म्हणाली. “आणि ठेवून दिली. ती बघा, फ्रिजवर आहे. दरवाजा यांनी मोडला, दात यांनी पाडला. डॅरलने कुणाला बोटसुद्धा लावलेलं नाही. जिथे सांगाल तिथे येऊन हेच सांगेन.”

बऱ्याच वेळाने गुडघा उठला. काकाला बेड्या पडल्या, तेव्हा म्हातारा ढसाढसा रडायला लागला. “भाऊ हसायचा ना, अगदी तस्सा हसतो गं हा,” तो टॅम्सिनला म्हणाला. मग त्याला गाडीकडे नेलं.

डेस यायला निघाला होता. टॅम्सिनने कापूस ओला करून डॅरलचा ओठ पुसला. कापूस सारखा भलतीकडेच लागत होता, तेव्हा त्यानेच तिचं मनगट धरून नीट जागेवर नेलं.

“सिस्टर, एक विचारू?”

“विचार.”

“बटण कधी दाबलंस? काका मारत होता तेव्हा, की नंतर?”

तिला सहज खोटं बोलता आलं असतं. तिने कापूस खाली ठेवला.

“बॅट तुझ्या हातात आली तेव्हा.”

डॅरल उठला. नळाशी जाऊन रक्त थुंकला, चूळ भरली, नळ घट्ट बंद केला.

“मीपण तेव्हाच घाबरलो,” तो म्हणाला, आणि तिच्याकडे पाठ करून त्याने सदरा वर धरला. “नवी सुई काढ, बाई. आणि दे ते इंजेक्शन लवकर.”