काका म्हणतात, लॅपटॉप मेला

मी लॅपटॉप बोलतोय. सुरतेत, वराछाला, लालजीकाकांच्या कपाटात साड्यांच्या खोक्यांखाली पडून आहे. मी मेलो असं काका सगळ्यांना सांगतात. साफ खोटं. मला काहीही झालेलं नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, तिथलं फारसं आठवत नाही. आठवतो तो या घरातला पहिला दिवस. काकांनी मला कुंकू लावलं, पेढा स्वतःच्या तोंडात टाकला आणि चघळतच दुरुस्तीवाल्याला म्हणाले, "याचं ते सिक्युअर बूट बंद करून टाक. नाहीतर आपलं सॉफ्टवेअर चालायचं नाही."

सिक्युअर बूट म्हणजे माझा दारवान. मी जागा होताना कोण आत शिरतंय ते तो तपासतो, ओळख पटली नाही की बाहेर. काकांचं भरतकामाचं सॉफ्टवेअर चोरीचं होतं, कुलूप तोडलेलं. म्हणून दारवानाला झोपवलं. त्याच रविवारी काकांनी समाजाच्या सभेत तरुण पोरांना प्रामाणिकपणावर ऐकवलं. टाळ्याही मिळाल्या.

मला चालवायची चार्मी, त्यांची पुतणी. कॉलेज तिने मध्येच सोडलं होतं. घरचे तिला 'आमची अर्धवट' म्हणायचे आणि तिच्याच नक्षीवर साड्यांचा अख्खा कारखाना चालवायचे. ती माझ्या पडद्यावर एकेक टाका बसवायची, मग मशिनं तो साडीवर उतरवायची.

एकदा तिने काटेरी फांद्यांची किनार काढली, गावाकडच्या माळावर असतात तशा. नाव ठेवलं, वेडी बाभूळ.

"काटे कोण नेसणार गं, शहाणे?" काका हसले.

"मी नेसेन," काकी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

दिवाळीत ती किनार पुरेना. काका व्यापाऱ्यांना म्हणाले, "ही माझी महाराणी किनार. स्वतः बसून काढली." चार्मी तिथेच चहाचे कप गोळा करत होती. ऐकूनही कप गोळा करत राहिली.

पुढे बंगळूरच्या एका कंपनीने तिला नोकरीच्या चाचणीला बोलावलं, घरूनच द्यायची. त्यांना नवी विंडोज हवी होती, म्हणून तिने माझ्यावर ती चढवली. तरी चाचणीचं पान उघडेना. सिक्युअर बूट चालू करा, म्हणे.

"त्याला हात लावू नकोस," काका जेवता जेवता म्हणाले. "बिघडेल."

"तो नाही बिघडणार. तुमचं सॉफ्टवेअर बंद पडेल."

"तेच म्हणतोय मी."

"चोरीचं आहे म्हणून बंद पडेल, काका."

खिचूची गरम उकड वाढताना काकींचा हात थांबला.

"बाजारात सगळेच वापरतात. तुला कॉलेज झेपलं नाही, आणि मला शिकवतेस?"

"मग विकत घ्या. बाजारात तेही मिळतं."

काका सभेला गेले तेव्हा तिने मला बंद करून पुन्हा चालू केलं आणि एक कळ दाबत माझ्या आतल्या सेटिंगमध्ये शिरली. माझी जात अशी की, आत पासवर्ड ठेवल्याशिवाय दारवानाचा खटका हलत नाही. दुरुस्तीवाल्याने तेव्हा ठेवून लगेच काढला होता, तिने ठेवला तो तसाच राहू दिला. दारवान जागा झाला. चाचणी झाली, नोकरी लागली, पोरगी बंगळूरला गेली.

इकडे काकांचं सॉफ्टवेअर उघडेना. दुरुस्तीवाला आला, सेटिंगमध्ये शिरू लागला, तर मी त्याला पासवर्ड विचारला. काकांनी माझ्यासमोरच तिला फोन लावला.

"पासवर्ड सांग."

"सोपा आहे. तुमच्या महाराणीचं खरं नाव."

"कसलं खरं नाव?"

"आठवा. तुम्ही हसला होतात."

काकांनी महाराणी टाकलं, राजराणी टाकलं. चार्मीची जन्मतारीखही टाकली, तीसुद्धा चुकीची. मग वैतागून मला कपाटात ढकललं आणि मेला म्हणून जाहीर केलं.

काका, बटण दाबून तर बघा. मी चालू होतो. सिनेमा बघा, फोटो बघा, विकत आणलेलं काहीही चालवा. आणि दारवानाला झोपवायचंच असेल तर ते नाव घरातच आहे. विचारा फक्त.

परवा काकी कपाट आवरत होत्या. पदराने माझ्यावरची धूळ पुसली आणि स्वतःशीच म्हणाल्या, "वेडी बाभूळ." मग खोकी होती तशी माझ्यावर रचली आणि काकांना जेवायला हाक मारली.