हाताचा गुण

आमच्या दवाखान्यात एक पिवळा कागद आहे. त्यावर मालकाचा अंगठा उठल्याशिवाय जनावराला सुखाने मरता येत नाही. पाय तीन ठिकाणी मोडलेलं गाढव असो की पोट फाटलेला घोडा, आम्ही कागद पुढे करतो आणि मालक हात मागे घेतो. "जीव देणारा तो, नेणारा तो. मी कोण अंगठा उठवणारा?" असं म्हणून तो बाहेर जाऊन सिगारेट पेटवतो. आत जनावर तडफडत असतं. ते ऐकायला आम्ही असतो.

हा नियम आमच्या मोठ्या डॉक्टरांचा, रिफत यांचा. दोन वर्षांपूर्वी एका वीटवाल्याच्या तोंडी होकारावर आम्ही त्याचं गाढव इंजेक्शन देऊन सोडवलं. दुसऱ्या दिवशी तो सगळी भावकी घेऊन आला. गाढव बरं होत होतं, यांनी मारलं, म्हणाला. खिडकीची एक काच धड राहिली नाही. रिफत यांच्या कपाळाला चार टाके पडले, तेही मीच घातले, कारण माणसांचा दवाखाना नदीच्या पलीकडे आणि होडीवाला जेवायला गेलेला. तेव्हापासून तो कागद आला.

माझं नाव सुहैर. लक्सरला नाईलच्या पश्चिम काठावरच्या या तातडीच्या दवाखान्यात मी एकोणीस वर्षं आहे. टांग्याचे घोडे आणि उसाच्या गाड्या ओढणारी गाढवं, हे आमचे रोगी. मी तिरसट आहे असं लोक म्हणतात. एकोणीस वर्षं या कामात राहून जो गोड राहतो, त्याच्या डोक्यात काहीतरी बिघाड असणार असं मी म्हणते.

बिशारीची घोडी आमच्याकडे आली ती भर दुपारी, एका छोट्या टेम्पोत आडवी घालून. बिशारी टांगेवाला. माणूस वाईट नाही. घोडीला खरारा करायचा, कपाळावर निळे मणी बांधायचा, तिला वर्दा म्हणून हाक मारायचा. पण त्या दिवशी धक्क्यावर पर्यटकांच्या तीन बोटी लागल्या, म्हणून सकाळपासून उपाशी पळवली, आणि मग माया उफाळून आली तेव्हा ओल्या बरसीमच्या चाऱ्याचा ढीग पुढे टाकला. आतड्याला पीळ पडला. घामाने निथळत होती. स्वतःच्याच पोटाला चावे घ्यायची, उठायची, धाडकन अंग टाकायची. दुखणं थांबवायचं औषध दोनदा दिलं. अर्धा तासही पुरलं नाही. पोट उघडून पीळ सोडवणं आमच्या हातचं नव्हतं, आणि कैरोपर्यंत ती पोचली नसती.

मी कागद पुढे केला.

"बाई, तुमच्या आईसाठी उठवला असता का अंगठा?" बिशारी रडत म्हणाला.

"माझी आई बरसीम खात नव्हती. बिशारी, ही जगणार नाही. संध्याकाळपर्यंत अशीच लोळत मरेल. ऐक माझं."

"देव बघतोय."

"मग त्याला म्हणावं नीट बघ."

तो कानांवर हात ठेवून म्हणाला, "असं बोलू नका, बाई." समोरच्या मशिदीत अजान झाली आणि तो नमाजाला निघून गेला.

रिफत यांना वरच्या मजल्यावर फोन लावला. जिना उतरून यायचं नाही, उंटावरून शेळ्या हाकायच्या, ही त्यांची जुनी सवय. "सलाईन चालू ठेव सुहैर. कागदाशिवाय काही करायचं नाही. माझं कपाळ आठव जरा," ते म्हणाले.

घोडीने भिंतीवर डोकं आपटलं. पुन्हा आपटलं. मी कपाट उघडलं, जनावर सोडवायच्या औषधाची बाटली घेतली आणि सिरिंजभर औषध मानेत आधीच घातलेल्या सुईतून सोडलं. मग रिकामी सिरिंज खिशात टाकून तिच्या कपाळावर हात ठेवून बसले. तोंडाने पुटपुटत होते. शिव्या देत होते. बिशारीला, रिफत यांना, त्या कागदाला, मला स्वतःला. त्या शिव्या देत असतानाच बिशारी दारात आला. त्याने काय पाहिलं? माझा हात, माझे हलणारे ओठ, आणि सकाळपासून उसंत नसलेली घोडी हळूच मान टेकवून एक लांब श्वास सोडते आहे.

तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने माझ्या हाताचं चुंबन घेतलं.

"बाई, तुम्ही दुआ म्हटली. झोपल्यासारखी गेली हो माझी वर्दा."

"देवाची मर्जी," मी म्हणाले. सुटले एकदाची असं वाटलं मला. घोडीसुद्धा आणि मीही.

बिशारीने ही गोष्ट धक्क्यावर सांगितली. टांगेवाल्यांना दुसरा उद्योग काय? डॉक्टरीणबाईच्या हाताला गुण आहे, कपाळावर हात ठेवला की जनावर हसत जातं, असं होता होता गोष्ट पार एस्ना गावापर्यंत गेली. लोक येऊन सांगायला लागले, "जगायचं असेल तर रिफतसाहेबांना दाखवा, सुटायचं असेल तर बाईंना बोलवा." पुढे चार वेळा मी तेच केलं. मालकाला पाणी आणायला पाठवायचं, सुई टोचायची, हात ठेवायचा, पुटपुटायचं. मला त्याची लाज वाटली नाही, खरं सांगते. जनावरं सुटत होती, मालकांचं देवाशी भांडण होत नव्हतं, काचा शाबूत होत्या. रिफत एकदा छताकडे बघत म्हणाले, "हल्ली तुझ्या हातून फार शांत जातात हं." मी म्हणाले, "वय झालं माझं, जीव शांत झालाय." त्यांनी पुढे विचारलं नाही. ते कधीच विचारत नाहीत.

आणि मग बिशारी पुन्हा आला, जनावर न घेता.

"आई आहे," तो म्हणाला. "हाडांत रोग गेलाय. अस्यूतच्या डॉक्टरांनी घरी पाठवलं. तीन महिने झाले, बाई. कूस बदलली तरी ओरडते. गोळ्या संपल्या आणि त्या तसल्या गोळ्या इथे मिळत नाहीत. तुम्ही फक्त या आणि हात ठेवा."

"अरे, मी जनावरांची डॉक्टर."

"दुखणं सारखंच की, बाई."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे काय? की तू नको म्हणालास आणि तुझी पाठ वळताच मी तुझी घोडी मारली. नोकरी गेली असती, परवाना गेला असता, आणि बिशारीलाही भावकी आहेच. माझी पाचावर धारण बसली. मी गेले.

त्याची आई नबविया, पंच्याहत्तरीची. त्या गल्लीत मेलेल्या निम्म्या बायकांना शेवटची आंघोळ तिने घातलेली. तिच्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. खाटेवर आता एवढीशी उरली होती. मी कपाळावर हात ठेवला. तिने डोळे उघडून सुनांना चहा करायला पिटाळलं, बिशारीला साखर आणायला पाठवलं. खोलीत आम्ही दोघीच राहिलो.

"घोडीला काय दिलंस गं?" तिने विचारलं.

"काही नाही, मावशी. देवाची मर्जी."

"मला शिकवतेस? पोटाला पीळ पडलेल्या आठ-दहा घोड्या पाह्यल्यात मी. लाथा झाडत मरतात, डोळे पांढरे करून. माझं पोरगं म्हणतं झोपली. झोपेल कशी?" ती दम घ्यायला थांबली. "काहीतरी टोचलंस. बरं केलंस. माझ्यासाठी आणलंयस का?"

बाटली आणली नव्हती. आणली असती तरी दिली नसती. पाप म्हणून नाही, तुरुंगाच्या भीतीने. पण ते सोडा. तिला नुसतं 'हो' तर म्हणता आलं असतं. हो मावशी, टोचलं; तुला नाही टोचू शकत, माफ कर. ती कुणाला सांगणार होती? सगळ्या गावात खरं काय ते एकटीने ओळखलं होतं, तेही खाटेवर पडून.

"मी काहीही दिलं नाही," मी म्हणाले.

तिने कपाळावरचा माझा हात बाजूला केला. मग म्हणाली, "बरं. चहा घेऊन जा."

आठवड्याने बिशारी दवाखान्यात आला. चेहरा दगडासारखा झाला होता.

"बाई, तुमचा हात खोटा नाही. मी या डोळ्यांनी पाह्यलंय. मग आईला का लागू पडला नाही?"

"बिशारी, माणूस आणि घोडी..."

"मीच सांगतो. मुक्या जनावराच्या माथ्यावर काही नसतं, म्हणून ते सुटतं. आईच्या माथ्यावर काहीतरी आहे. कुणाचा तरी तळतळाट आहे. गल्लीत सगळे हेच म्हणतायत." त्याने मान खाली घातली. "मला वाटायचं माझी आई म्हणजे साक्षात पुण्य. काय केलं असेल हो तिने?"

कुणाचा जीव लवकर जात नसेल तर आमच्याकडे शेजारपाजारच्यांना बोलावून माफी द्यायला लावतात. शुक्रवारी नमाजानंतर तसं ठरलं होतं. मलाही बोलावणं होतं.

शुक्रवारी त्या गल्लीपर्यंत चालत जाताना मी एकच वाक्य घोकत होते. घोडी मी मारली. तीन शब्द. तेवढे बोलले की म्हातारीचं पंच्याहत्तर वर्षांचं नाव परत तिचं झालं असतं.

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बायका एकेक करून पुढे येत होत्या. "नबविया, माझ्या लेकीच्या लग्नात तू भात कमी पडला म्हणालीस, माफ केलं." "माझ्या कोंबड्यांना दगड मारलास, माफ केलं." कुणाकुणाला काय काय आठवत होतं! इतकी वर्षं जी आपली नबविया होती ती आता चौकशीला उभी केलेली बाई झाली होती. बायका डोळे पुसत होत्या आणि मनातून खूष होत्या, हे मला दिसत होतं. बिशारी उशाशी वाकून विचारत होता, "आई, अजून काही राह्यलंय का? आठव. सांगून टाक. सुटशील."

ती कण्हत म्हणाली, "काही नाही रे राजा."

"असणार, आई. त्याशिवाय असं होत नाही."

तिने मान वळवून मला शोधलं. बरोबर माझ्यावर डोळे ठेवले. रागाने नाही. वाट पाहत होती. मला कळलं कशाची. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या जवळ मी उभी होते, वाक्य तोंडात तयार होतं, आणि मी मिठाची गुळणी धरून उभी राहिले. बिशारीच्या मागे त्याचे तीन चुलतभाऊ उभे होते. मी त्यांच्याकडे बघत होते.

तिने माझ्यावरून डोळे काढून घेतले आणि मुलाकडे वळली. "आठवलं," ती म्हणाली. "धहबचं बदक. मी चोरलं होतं. तुझा बाप आजारी होता तेव्हा. कापून खाल्लं."

खोलीत एकदम सुस्कारा उठला. बिशारीच्या चेहऱ्यावर तीन महिन्यांत पहिल्यांदा तेज दिसलं. धहब, शेजारची म्हातारी, गोंधळून पुढे आली. "अगं पण माझं बदक कधी गेलंच नव्हतं. माझ्याकडे तर..."

"माफ केलं म्हण!" चार बायका तिच्यावर ओरडल्या.

"अगं पण मी बदकं पाळलीच नाहीत कधी!"

"धहब, मरणाऱ्या बाईशी हुज्जत घालतेस? म्हण!"

"माफ केलं," धहब पुटपुटली.

बिशारीने आईचं कपाळ चुंबलं. मग तो डोळे पुसत माझ्याकडे वळला. "बाई, आता तुम्हीही म्हणा. तुमचा हात तिने वाया घालवला. तेवढं माफ करा."

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. म्हातारीने मात्र डोळे मिटून घेतले होते.

"माफ केलं," मी म्हणाले.

ती त्या दिवशी सुटली नाही. पुढे सतरा दिवस ओरडत होती, आणि गल्लीत म्हणायला लागले की म्हातारीने बदक तेवढं कबूल केलं, बाकीचं पोटातच ठेवलं.