लव्हॉनची लाल कडी

मित्रांनो, मी एक जुना हिच आहे. ट्रकच्या पाठीला चाकांवरचं घर जोडणारं लोखंड. पण नुसतं जोडून भागत नाही. घराचं ओझं ट्रकच्या शेपटावर पडलं, की त्याचं तोंड वर होतं आणि पुढची चाकं रस्ता नीट धरत नाहीत. माझे दोन पोलादी दांडे साखळ्यांनी ताणले, की ते ओझं पुढच्या चाकांवरही वाटलं जातं. साखळी कमी ताणली तरी घात, जास्त ताणली तरी घात.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. माझं खरं आयुष्य अमेरिकेतल्या नेब्रास्कात, ऑर्व्हल आणि लव्हॉन या नवराबायकोच्या अंगणात सुरू झालं. पहिल्याच दिवशी दोघं सकाळभर माझ्याशी झटत होती. घर जोडण्याआधी लव्हॉनने ट्रकच्या पुढच्या चाकावरची उंची टेपने मोजली. जोडल्यावर पुन्हा मोजली. साखळी एक कडी आवळली, परत मोजली.

"अजून बोटभर वर आहे," ती म्हणाली.

"तुझी टेपच खोटी आहे."

"टेप खरी आहे. तुझं पोट मध्ये येतंय, सरक!"

माप जमलं, तेव्हा तिने खिशातून नखांचा लाल रंग काढला आणि दोन्ही साखळ्यांच्या हुकात बसलेल्या कडीला लावला. "आता कुठली कडी अडकवायची ते विसरलास तर जेवायला मिळणार नाही," तिने बजावलं.

मग कितीतरी उन्हाळे आम्ही तळ्याकाठी घालवले. घराच्या पुढच्या कप्प्यात तिचं शिवणयंत्र, काकडीच्या लोणच्याच्या बरण्या आणि बिडाचे तवे असत. तो सगळा भार माझ्या मानेवर येई आणि मला त्याचा अभिमान वाटे. "ऑर्व्हल, तुझं घर रेषेत चालतं बुवा," असं शेजारी म्हणत. तो लव्हॉनकडे बोट दाखवी. रंग उडाला, की ती नवा लावायची.

एका हिवाळ्यात लव्हॉन गेली. मुलीने, जोलीनने, पुढचा कप्पा रिकामा केला. यंत्र चर्चला दिलं, बरण्या शेजारीपाजारी वाटल्या. मी कोठारात गंजत पडलो. माझ्याकडे कुणी फिरकलं नाही.

पुढे एकदा ऑर्व्हलला तळं बघावंसं वाटलं. जोलीन सोबत निघाली. त्याने साखळ्या ओढून लाल कड्या हुकात अडकवल्या.

"बाबा, पुढचं सामान आता नाहीये. साखळी सैल करायला हवी. थांबा, माप घेऊ या."

"माप घेतलेलं आहे."

"ते आईने घेतलं होतं, तेव्हा..."

"तुझ्या आईची कडी आहे ती, जो. मी ती हलवणार नाही."

जोलीनने हातातली टेप परत खिशात टाकली. "हट्टी आहात अगदी. निदान हळू तरी चालवा."

माझे दांडे इतके ताणले गेले होते, की ट्रकचं शेपूट वर उचललं गेलं होतं. मला ते कळत होतं. पण लोखंडाला तोंड कुठे असतं? वाटेत पाऊस आला, वळणावर वारा आडवा लागला आणि ट्रकची हलकी झालेली मागची चाकं घसरली. घर खड्ड्यात कोसळलं.

दोघांचंही खरचटण्यावर निभावलं. घर मात्र फुटलं. लव्हॉनने शिवलेले पडदे, गाद्यांच्या खोळी, टेबलावरची झालर, सगळं चिखलात पडलं होतं. ऑर्व्हल गुडघ्यांवर बसून पडदे गोळा करत राहिला. तिची एक खूण जपायला गेला आणि तिच्या हातचं सगळं घालवून बसला. माझं काळीज लोखंडाचं, पण त्या दिवशी ते फुटलं.

घर भंगारात गेलं. मला त्याने तेवढं घरी आणलं. आता मी कोठारात खुंटीला लटकतो. कधीतरी तो येतो आणि लाल कडीवरून अंगठा फिरवतो. रंगाचे पोपडे त्याच्या बोटांना लागतात.

"मोजायला हवं होतं गं," तो म्हणतो.

मित्रांनो, ओझं बदललं, की माप पुन्हा घ्या. पहिलं माप घेणाऱ्याचा त्यात अपमान होत नाही. लव्हॉन असती, तर तिनेच सगळ्यांत आधी टेप काढली असती, आणि ऑर्व्हलला म्हणाली असती, "सरक!"